भरपाईचं नाव

कासाहुनला कुणी ‘कॅस’ म्हणून हाक मारली की तो वळत नसे. ऐकू येत नव्हतं असं नाही, कान चांगले तिखट होते त्याचे. पण मान खाली घालून काम करत राहायचा. आमचा मॅनेजर मनानं भला, पण जिभेचा आळशी माणूस होता. दर सोमवारी तो क्यूबिकलच्या भिंतीवरून “हे कॅस!” म्हणून डोकावायचा, पुन्हा ओरडायचा, आणि शेवटी हार मानून “कासाहुन” असं पूर्ण नाव घ्यायचा. त्याबरोबर हा उंचच उंच माणूस ताडकन उभा राहून म्हणायचा, “अबेत!”

अबेत म्हणजे त्यांच्या अम्हारिक भाषेतली ‘ओ’. इथिओपियात मोठ्या माणसानं नाव घेतलं की मुलानं असेल तिथून “अबेत” म्हणायचं आणि उठायचं, अशी रीत. चाळिशी आली, अमेरिकेत येऊनही बरीच वर्षं झाली, तरी त्याची ती सवय सुटली नव्हती. ऑफिसातल्या लोकांना गंमत वाटायची. मलाही वाटायची. त्यात गंमत काही नव्हती, हे मला फार उशिरा कळलं.

व्हर्जिनियातल्या हर्नडनमध्ये टोल रोडच्या कडेला एका काचेच्या इमारतीत आमची कंपनी होती. नव्वदचं दशक अर्धं उलटलं होतं आणि आम्ही सगळे दोन हजार सालाच्या तयारीला लागलो होतो. जुन्या प्रोग्रॅममध्ये सालाचे दोनच आकडे होते, तिथे चार करायचे आणि काही मोडत नाही ना ते बघायचं, असं ते काम. कासाहुन टेस्टिंगचा मुख्य. सगळं ऑफिस त्या एक जानेवारीच्या धास्तीत असताना हा म्हणायचा, “आमच्या कॅलेंडरमध्ये दोन हजार साल यायला अजून खूप अवकाश आहे. तेव्हा पुन्हा बोलवा मला.” इथिओपियाचं कॅलेंडर जगाच्या सात-आठ वर्षं मागे चालतं, हे मला त्याच्याकडूनच कळलं.

माझा इंटरव्ह्यू त्यानंच घेतला होता. नागपूरच्या कॉलेजातून निघालेली, नवऱ्याच्या मागोमाग आलेली मी, पाठ करून गेलेली उत्तरं तोंडात धरून बसले होते. त्यानं पहिलाच प्रश्न विचारला, “सुजाता म्हणजे काय?”

मी म्हटलं, “चांगल्या कुळात जन्मलेली.”

“कुणी ठेवलं?”

“वडिलांनी.”

“आणि होतं का कूळ चांगलं?”

असला प्रश्न पुण्यामुंबईच्या एखाद्यानं विचारला असता तर मी पर्स उचलून चालती झाले असते. पण याच्या चेहऱ्यावर निव्वळ कुतूहल होतं. मी म्हटलं, “गावाला तसं वाटत नव्हतं. म्हणूनच तर ठेवलं.” त्यानं पेन खाली ठेवलं आणि बराच वेळ हसला. मग मला दोन-चार कामाचे प्रश्न विचारले. नोकरी मिळाली ती त्या प्रश्नांमुळे की वडिलांमुळे, ते मी कधी त्याला विचारलं नाही.

भेटेल त्याला तो हेच विचारायचा. काय करता, कुठे राहता, गाडी कुठली, हे सगळं नंतर. आधी नावाचा अर्थ. अमेरिकन माणसं गडबडायची. मार्क म्हणजे काय, जेनिफर म्हणजे काय, त्यांनी कधी विचारच केलेला नसायचा. मग हा त्यांच्याकडे अशा नजरेनं बघायचा की जणू समोरचा माणूस पायात चप्पल न घालता घराबाहेर पडलाय.

कृश, कपाळ मोठं, शर्ट रोजचा इस्त्रीचा. एसीची थंडी बाधते म्हणून ऐन जुलैत तपकिरी स्वेटर. चालताना हात मागे बांधलेले. टेबलाच्या खणात पत्र्याचा एक डबा असायचा, त्यात भाजलेले जव. त्याला ते ‘कोलो’ म्हणतात. अदिस अबाबाहून त्याची आई भाजून पाठवायची, येणाऱ्याजाणाऱ्याबरोबर. बोलता बोलता तो डबा पुढे करायचा. आपल्या फुटाण्यांना सरावलेल्या दातांना ते काही अवघड नव्हते. मशीनची कॉफी मात्र तो पीत नसे. आपल्या देशातून निघालेल्या गोष्टीचे असे हाल बघवत नाहीत म्हणायचा.

‘मिस्टर बेकेले’ म्हटलेलंही त्याला चालायचं नाही. रिसेप्शनवर नवी मुलगी आली की हे एकदा व्हायचंच. हा तिच्यासमोर वाकून अदबीनं सांगायचा, “बेकेले माझे वडील. ते वारले. तुम्ही कितीही हाका मारल्या तरी ते यायचे नाहीत. मला बोलवा, मी येईन.” त्यांच्याकडे आडनाव ही भानगडच नाही. आपलं नाव, त्यापुढे बापाचं नाव, संपलं. लग्नानंतर बायकोही आपल्याच बापाचं नाव लावते. त्यामुळे त्याच्या दारावर अल्माझचं नाव वेगळं, त्याचं वेगळं. अपार्टमेंटच्या ऑफिसला बरेच दिवस वाटत होतं की हे दोघं नुसतेच एकत्र राहतात. मला मात्र ही पद्धत फार आवडली. आडनाव सांगितलं की समोरच्याच्या डोक्यात कसले हिशेब सुरू होतात, ते मला पुरतं ठाऊक होतं.

त्याच्या नावाचा अर्थ त्यानं मला सांगितला तो मीच विचारला म्हणून. सगळ्यांना विचारणाऱ्या या माणसाला उलट विचारायचं कुणाला सुचलंच नव्हतं.

“कासा म्हणजे भरपाई,” तो म्हणाला. “हुन म्हणजे हो. भरपाई हो.”

“कशाची?”

“माझ्या आधी एक मुलगा होता.”

तादेसे त्याचं नाव. सहा वर्षांचा होऊन तापानं गेला, त्यानंतर हा जन्मला. मूल जाऊन त्यामागे मुलगा झाला की असलं नाव ठेवायची त्यांच्याकडे जुनी चाल. कासाहुन म्हणजे भरपाई हो, मितिकू म्हणजे त्याच्या बदली आलेला. यमानं एकदा नेलंय, त्याचं देणं फिटलंय, आता या घराकडे बघू नये, असा निरोप त्या नावातून जायचा. घरात तादेसेचं नाव मात्र कुणी घेत नसे. आईच्या तोंडून तर ते त्यानं जन्मात ऐकलं नव्हतं. मावशीकडून कळलं होतं एवढंच.

“आणि नाव साधंसुधं नाही बरं,” तो डोळे मिचकावून म्हणाला. “आमच्या दोन सम्राटांचं जन्मनाव कासा होतं. दोघांनीही गादीवर बसताना ते टाकलं आणि दुसरं घेतलं. हातात असेल तर भरपाई व्हायला कोण तयार होईल?”

त्याच्या वर्गात म्हणे कासा आणि कासाहुन इतके, की मास्तरांनी हाक मारली की बाकाबाकांवरून अबेत यायचं. लष्करी राजवट आली, शिकलेली पोरं रस्त्यांवर मारली गेली, आणि त्यानंतर जन्मलेल्यांत पुन्हा या नावांचं पीक आलं. “आमच्या देशात कुठल्या वर्षी किती मेले ते बघायला स्मशानात जावं लागत नाही,” तो म्हणाला. “शाळेत जाऊन हजेरी ऐकायची.” इकडे व्हर्जिनियात मात्र त्याच्या लोकांच्या मुलांची नावं दावित, योनास, नातनाएल. बायबलातली, अमेरिकन जिभेला सोपी. कासाहुन आता कुणी ठेवत नाही, असं तो सांगायचा. त्याचा त्याला आनंद होता की वाईट वाटत होतं, ते त्याच्या आवाजावरून कळायचं नाही.

अबेतची गोष्ट त्यानं एका दुपारी सांगितली. जेवणाच्या सुट्टीत पार्किंग लॉटच्या कडेला बाकावर बसलो होतो. आतमध्ये कुणीतरी त्याची नक्कल केली होती, “अबेत!” करून. तो चिडला नाही, हसलाही. बाहेर आल्यावर मात्र म्हणाला, “या शब्दानं माझ्या आईला सांगितलंय की मी जिवंत आहे.”

कॉलेजात असताना त्याला पकडून नेलं होतं. तुरुंगात जेवण घरून यायचं. आई रोज भाकरी फडक्यात बांधून फाटकाशी यायची. पलीकडे कोण आहे दिसायचं नाही. ती उभी राहून ओरडायची, “कासाहुन!” आतून अबेत आलं की गाठोडं आत द्यायचं. ज्यांच्या मुलाची ओ येत नसे त्या बायका गाठोडं तसंच घेऊन घरी परत जायच्या. त्यांना कुणी काही सांगत नसे, त्याही विचारत नसत.

“शेजारी दुसरी बाई दुसऱ्या नावानं ओरडत असायची,” तो म्हणाला. “आणि आत कुणीच ओ देत नसायचं. मला वाटायचं, आपणच द्यावी. पण दुसऱ्याच्या नावाला ओ देता येत नाही, सुजाता. ते पाप आहे.”

एवढं बोलून त्यानं डबा पुढे केला. मी मूठभर कोलो घेतले आणि चावत बसले. तेव्हापासून मॅनेजरनं ‘कॅस’ म्हटलं की माझंच डोकं तापायचं.

तो सुटला ते आईच्या मते नावामुळे. कोठडीतली बाकीची बरीच पोरं गेली, हा राहिला, कारण हा आधीच फेडलेला होता. सुटल्यावर तो पायी सुदानला गेला. तिथे अल्माझ भेटली, लग्न झालं, मुलगा झाला, आणि कागदपत्रांची वाट बघता बघता तो मुलगा तिथेच वारला. हे मला अल्माझनं सांगितलं, त्यानं नाही. त्या मुलाचं नाव मला आजही माहीत नाही. त्या घरातही एक नाव कुणी घेत नव्हतं.

आणि इतक्या वर्षांनी, डॉक्टरांनीही आशा सोडल्यावर, अल्माझला दिवस राहिले.

ऑफिसात त्यानं ही बातमी कुणाला दिली नाही. मला सांगितली तीही एखादी चूक कबूल करावी तशी. आईला फोनवर कळलं आणि पुढच्याच रविवारी तिनं हुकूम सोडला: मुलगा झाला तर मितिकू. दर रविवारी तिचा फोन, दर रविवारी तेच. ती गयावया करत नव्हती. तिचं म्हणणं सरळ होतं, तुझं नाव ठेवलं म्हणून तू वाचलास, पहिल्याचं मनासारखं छान नाव ठेवलंत, तो गेला. आता कशाची वाट बघतोस?

“मी जन्मभर कुणाच्या तरी जागेवर बसलोय,” तो मला म्हणाला. “आई माझ्याकडे बघायची तेव्हा मला वाटायचं, ती माझ्या मागे कोण उभं आहे ते बघतेय. माझ्या मुलाच्या मागे कुणी उभं असायला नको मला.”

त्याच सुमारास माझे बाबा नागपूरहून सहा महिन्यांसाठी आले. रिटायर्ड शाळामास्तर, पांढरा शर्ट, दीक्षाभूमीच्या गप्पा आणि अमेरिकेतल्या कशालाही न दिपण्याचा पण. कासाहुनचं नाव ऐकून त्यांनी मला विचारलं, “हे कासा कुठी आलं वं?” त्यांना वाटलं, माणूस कासा नावाच्या गावाहून आलाय.

अल्माझनं एका शनिवारी आम्हाला कॉफीला बोलावलं. त्यांच्याकडे कॉफी म्हणजे अर्धा दिवस. हिरव्या बिया डोळ्यांदेखत भाजायच्या, धूर पाहुण्यांपर्यंत न्यायचा, कुटायच्या, मातीच्या भांड्यात उकळायच्या आणि कॉफी छोट्या कपांतून तीनदा द्यायची. पहिला कप झाल्यावर कासाहुननं बाबांना विचारलं, अर्थातच, नावाचा अर्थ काय म्हणून. मी मध्ये दुभाषी.

“सांग त्याले,” बाबा म्हणाले. “कचरू म्हंजे कचरा.”

मी सांगितलं. कासाहुनचा कप हवेतच राहिला.

“माझ्या आधीचे लेकरं जगलेच नाही. मी झालो तं आईनं मले उकिरड्यावर नेऊन ठेवलं. शेजारच्या बाईनं उचललं. मंग आईनं मूठभर कोंडा देऊन मले तिच्यापासून इकत घेतलं. कचऱ्याले कोण नेते? यम बी नाही नेत.”

माझं भाषांतर संपायच्या आधीच कासाहुन उठून बाबांच्या शेजारी येऊन बसला होता. अल्माझनं हातातलं कॉफीचं भांडं बाजूला ठेवलं. कितीतरी वर्षांनी एखादा गाववाला भेटावा तसं ते दोघं बाबांकडे बघत होते.

“मग बदललं का नाही?” त्यानं विचारलं. “सुजाता सांगते, तुमच्याकडे एकदा सगळ्यांनी जुनं टाकलं.”

“टाकलं ना. दीक्षा घेतली तवा लोकांनी नावं बी बदलली. मी बी बदलणार होतो. तं आईनं जेवणच सोडलं. म्हणे, तू बुद्धाचा हो, कोणाचा बी हो, पण नाव नको काढू, यमाचं ध्यान जाईन तुझ्याकडे.” बाबांनी कप खाली ठेवला. “तिनं नाव मले नव्हतं ठेवलं. तिच्या भीतीले ठेवलं होतं. मी फक्त ते वागवलं.”

“जड झालं?”

“शाळेत मास्तर हाक मारे तवा जड होये. आई हाक मारे तवा नाही.”

मी मध्येच तोंड घातलं. म्हटलं, बाबा, हे सगळं ठीक आहे, पण त्याच्या आईनं पोटातल्या पोराच्या मानेवर असं ओझं ठेवायचं म्हणजे दुष्टपणा आहे. बाबांनी मला मराठीत झापलं, “तू गप. तुले जवळचं गेलेलं माहीत नाही अजून.” हे मी भाषांतर केलं नाही. पण अल्माझला काय कळलं कुणास ठाऊक, तिनं मान खाली घातली. कासाहुन त्या दिवसापासून बाबांना ‘अबाबा’ म्हणू लागला. आपल्याकडच्या आजोबांसारखा मान आहे त्या हाकेत.

मुलगा झाला. कासाहुननं नाव ठेवलं अदिसू. अदिसू म्हणजे नवा. कुणाच्या बदली नाही, कुणाची भरपाई नाही, नवाकोरा. ऑफिसात त्यानं स्वतः डोनट आणले आणि मॅनेजरला पहिल्याच फटक्यात नाव नीट म्हणायला लावलं. मी त्याला इतका मोकळा त्याआधी पाहिला नव्हता.

आईनं फोनवर नाव ऐकलं आणि रिसीव्हर तिच्याजवळ राहणाऱ्या भाचीच्या हातात दिला. त्यानंतर ती त्याच्याशी बोलली नाही. रविवारी तो फोन लावायचा, भाची सांगायची, एमाये कामात आहे. तो आईला एमाये म्हणे. कोलो येणं बंद झालं. डबा रिकामा झाला तरी तो खणात तसाच होता. कुणी आलं की सवयीनं तो बाहेर काढायचा आणि झाकण उघडून पुन्हा ठेवून द्यायचा. मला फार राग यायचा त्या म्हातारीचा. एवढ्या लांबून मुलाला शिक्षा करायची, तीही मूठभर जवाची!

ऑक्टोबरात अदिसू आजारी पडला. ताप चढला, झटके आले, बाळ हॉस्पिटलमध्ये काचेमागे. मी आणि बाबा दुपारी भेटायला गेलो तेव्हा ते दोघं कॉरिडॉरमध्ये उभे होते. अल्माझ आमच्यासमोरच इंग्रजीत बोलली, बहुतेक कुणीतरी साक्षीला हवं होतं तिला.

“तुझी आई सांगत होती ते नाव ठेव.”

“आणि त्यानं ते आयुष्यभर वागवायचं?”

“आयुष्य असलं तर वागवेल,” अल्माझ म्हणाली आणि आत निघून गेली.

कासाहुन बाबांकडे वळला. मला म्हणाला, “अबाबांना विचार, काय करू.” मी विचारलं. बाबा म्हणजे जन्मभर भाषणं देणारा माणूस. पण ते म्हणाले, “मले माहीत नाही म्हण. मी जगलो, पण कोंड्यानं जगलो का लशीनं, मले अजून माहीत नाही.” मी तसंच सांगितलं. कासाहुननं बाबांचा हात हातात घेतला आणि ते दोघं तिथेच बाकावर बसले. मी कॅफेटेरियातून कॉफी आणायला गेले, मशीनचीच.

परत आले तर तो खोलीच्या दारात उभा होता. आत अल्माझ बाळावर वाकली होती. तिचे ओठ त्याच्या कानाशी होते आणि ती पुन्हा पुन्हा एकच शब्द म्हणत होती. मितिकू, मितिकू, मितिकू. त्यानं तिला थांबवलं नाही, आतही गेला नाही. माझ्या हातातला कप घेतला आणि ती कॉफी, जिला तो कधी शिवत नसे, ती सगळी प्यायला.

पोरगं बरं झालं. कशामुळे ते डॉक्टरांना माहीत होतं, अल्माझला माहीत होतं. फक्त कासाहुनला माहीत नव्हतं. घरी सगळे अदिसूच म्हणत. पण मूल झोपलं की अल्माझ दुसरं नाव घेते, हे त्यानं मला सांगितलं. तो ते पलीकडच्या खोलीतून ऐकायचा. त्या वर्षानंतर तो लोकांना नावाचे अर्थ विचारेनासा झाला. इंटरव्ह्यूला आलेल्या पोरांना सरळ कामाचे प्रश्न. मला ते बघवायचं नाही.

दोन वर्षं अशीच गेली. बाबा नागपूरला परतले. फोनवर ते आधी “त्या अदिसूचं कसं आहे” म्हणून विचारायचे, मग माझ्या मुलांचं. आणि नव्व्याण्णवच्या उन्हाळ्यात भाचीनंच कळवलं, एमायेची नजर गेली आहे, विसरायलाही लागली आहे, तिला तिकडे न्या. आई बोलत नव्हती, पण यायला तयार होती. व्हिसा झाला.

कासाहुननं महिनाभर एकच तयारी केली. “ती पहिल्यांदा विचारेल, मुलाचं नाव काय,” तो मला म्हणायचा. “मी सांगेन, अदिसू. मग ती रागावेल. रागावू दे. निदान बोलेल तरी.” कधी म्हणायचा, “आजारपणाचं सांगू का नको? अल्माझनं तेव्हा काय केलं ते कळलं तर ती तेच धरून बसेल.” हा माणूस कंपनीच्या व्हाइस प्रेसिडेंटला भर मीटिंगमध्ये म्हणाला होता, माझं नाव पूर्ण घ्या, मग प्रश्न विचारा. तो आता स्वतःच्या मुलाचं नाव आईला सांगायची तालीम करत होता.

आमची व्हॅन मोठी म्हणून मी डलस विमानतळावर गेले होते. आमचंही सामान तोवर बांधून झालं होतं. मिलिंदला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, सांता क्लाराला नोकरी लागली होती आणि त्याच आठवड्यात आम्ही निघणार होतो. कासाहुन मला शेवटचा दिसला तो त्या दिवशी.

दार उघडलं आणि व्हीलचेअर बाहेर आली. मूठभर म्हातारी. अंगावर पांढरी सुती शाल, काठाला रंगीत पट्टी. मांडीवर फडक्यात बांधलेलं एक गाठोडं तिनं दोन्ही हातांनी गच्च धरलं होतं. खुर्ची ढकलणारा विमानतळावरचा मुलगा म्हणाला, “कुणाला हातच लावू देत नाहीत त्या.” अल्माझ अदिसूला कडेवर घेऊन पुढे झाली. कासाहुन गुडघ्यांवर बसला आणि आईच्या पायांना त्यानं डोकं लावलं.

म्हातारीनं एक हात सोडवून त्याचा चेहरा चाचपला. कपाळ, नाक, हनुवटी. नातवाबद्दल तिनं काही विचारलं नाही. जी तयारी त्यानं महिनाभर केली होती, तो प्रश्न आलाच नाही. ती म्हणाली, “तादेसे?”

अल्माझनं तोंडावर हात ठेवला. कासाहुन हलला नाही. मी वाट बघत राहिले. त्याच्या तोंडून नावाची दुरुस्ती मी इतक्यांदा ऐकली होती, की आताही ती येणार असं मी धरूनच चालले होते.

म्हातारीनं मान वर केली, आणि समोर भिंत असावी तशी, मोठ्यानं हाक मारली, “तादेसे!” येणारीजाणारी माणसं वळून बघायला लागली. ती थांबली, कान देऊन. गाठोडं तिनं पुन्हा दोन्ही हातांनी धरलं होतं.

“अबेत, एमाये,” कासाहुन म्हणाला.

तेव्हा कुठे तिनं गाठोडं सोडलं आणि त्याच्या हातांत दिलं. फडक्याची गाठ प्रवासात सैल झाली होती. तो ते छातीशी धरून तसाच गुडघ्यांवर बसून राहिला, आणि भाजलेले जव एकेक करून फरशीवर सांडत होते.